व्हेनिसमध्ये सुट्टीसाठी घर भाड्यानं घेताना: फोटो नंतर, आधी पूल आणि पायऱ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब दिवाळीनंतरच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, पाच रात्रींसाठी व्हेनिसला जाणार आहे. आई-वडील सत्तरीतले, वडिलांचे गुडघे दुखतात, मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. हॉटेलच्या तीन खोल्या घेण्याऐवजी स्वयंपाकघर असलेलं एकच घर हवं आहे. कुठल्या भागात घ्यावं, पैसे भरण्याआधी काय तपासावं आणि नोव्हेंबरमधल्या पाण्याचं काय?

तुम्ही पाठवलेल्या तिन्ही जाहिरातींमध्ये खिडकीतून दिसणारा कालवा आहे, पण घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का आणि बोटीचा थांबा किती लांब आहे, यातलं एकही त्यात नाही. या शहरात घराची निवड याच तीन गोष्टींवर ठरते. गाडी पियात्साले रोमा या चौकापर्यंत येते, आगगाडी सांता लुचिया स्थानकापर्यंत. त्यापुढे पाय आणि बोट. शहरात 400 हून अधिक पूल आहेत आणि जवळपास प्रत्येक पुलाला चढायच्या आणि उतरायच्या पायऱ्या आहेत. नकाशावर थांब्यापासून 300 मीटरवर दिसणारं घर वाटेत तीन पूल असतील तर तुमच्या वडिलांसाठी लांब आहे. त्याउलट 600 मीटर सपाट वाट असेल तर ते जवळ आहे. म्हणून घरमालकाला पहिला प्रश्न हा विचारायचा: बोटीच्या सगळ्यात जवळच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात, आणि रस्त्यावरच्या दारापासून फ्लॅटच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? मजला विचारू नका, पायऱ्या मोजून मागा. जुन्या वाड्यांमध्ये छतं उंच असल्यामुळे दुसरा मजला म्हणजे सहज 50 पायऱ्या होतात आणि लिफ्ट फार थोड्या इमारतींना आहे. ज्या मालकाला पायऱ्या मोजून सांगायचा कंटाळा येतो, त्याला गीझर बंद पडल्यावर रात्री फोन उचलायचाही कंटाळा येईल असं समजून पुढचं घर बघा.

पत्त्याची पद्धत मात्र पुणेकरांना पटकन कळेल. सदाशिव पेठेत जसा घरक्रमांक पेठेचा असतो, रस्त्याचा नसतो, तसंच इथे आहे. शहराचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, दोर्सोदुरो, सान मार्को, सान पोलो आणि सांता क्रोचे. प्रत्येक भागात क्रमांक एकपासून सुरू होऊन हजारोंच्या घरात जातात आणि गल्लीबोळांतून वळणं घेत पुढे सरकतात. नुसतं ‘कास्तेल्लो 4210’ एवढ्यावर घर सापडत नाही. त्यासोबत गल्लीचं नाव लागतं, आणि एकाच नावाच्या गल्ल्या वेगवेगळ्या भागांत असल्यामुळे नुसत्या गल्लीच्या नावानंही भागत नाही. भाग, क्रमांक, गल्ली, जवळचा थांबा आणि नकाशावरची खूण हे सगळं लेखी घ्या. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे फोनवरचं ठिकाण बरंच सरकतं, म्हणून थांब्यापासून दारापर्यंतच्या वाटेचे चार-पाच फोटोही मागून ठेवा. चांगले मालक ते आपणहून पाठवतात.

जाहिरातीत ‘व्हेनिस’ लिहिलेलं घर खाडीच्या पलीकडे मुख्य भूमीवर निघणं ही सगळ्यात वारंवार होणारी चूक आहे. मेस्त्रे आणि मार्गेरा ही उपनगरं प्रशासकीयदृष्ट्या व्हेनिस महापालिकेतच येतात, त्यामुळे जाहिरात खोटी ठरत नाही. पिनकोडवरून मात्र लगेच कळतं. 30121 कान्नारेजो, 30122 कास्तेल्लो, 30123 दोर्सोदुरो, 30124 सान मार्को, 30125 सान पोलो, 30135 सांता क्रोचे. जुदेक्का बेटाचा 30133, सांतेलेनाचा 30132, लिदोचा 30126. 30170 ते 30175 दिसलं की घर मुख्य भूमीवर आहे. मेस्त्रे वाईट नाही. तिथे लिफ्ट असलेल्या इमारती मिळतात, भाडं कमी असतं आणि स्थानकाजवळ राहिलं तर आगगाडीनं दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला पोचता येतं. पण सत्तरीतल्या माणसांना दुपारी घरी परतून तासभर आडवं व्हायचं असेल तर रोज दोनदा ही ये-जा कोणी करत नाही. मग ते दिवसभर बाहेर राहतात, थकतात आणि तिसऱ्या दिवशी घरातच बसतात. पाच रात्रींसाठी जुन्या शहरातच राहा.

कुठला भाग

तुमच्यासाठी पहिली पसंती कास्तेल्लोच्या पूर्वेकडची व्हिया गारिबाल्दी आणि तिच्या पलीकडचा सांतेलेना. व्हिया गारिबाल्दी हा नेपोलियनच्या काळात कालवा बुजवून केलेला रस्ता आहे, म्हणून तो रुंद आणि सपाट आहे. दुकानं, बेकरी आणि भाजीची होडी तिथेच मिळते. ज्यार्दिनी थांब्यापासून झाडांच्या सरळ रस्त्यानं तिथे येता येतं. सांतेलेना हा विसाव्या शतकात वसलेला भाग, मोठ्या बागेसह. मुलांना धावायला जागा आणि रात्री शांतता. तिथून सान मार्को चौकापर्यंत बोटीनं साधारण पाव तास लागतो. एक अडचण आहे: बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाची मुख्य दालनं याच बाजूला आहेत आणि प्रदर्शन नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतं, त्यामुळे दिवाळी लवकर असेल त्या वर्षी इथली भाडी उतरलेली नसतात.

दुसरी पसंती कान्नारेजोचा उत्तरेकडचा भाग, गूल्ये थांबा ते मादोन्ना देल्लोर्तो. इथले कालवे लांब आणि समांतर आहेत, त्यांच्या काठाचे रस्ते सरळ आणि सपाट. 1516 साली स्थापन झालेला ज्यूंचा घेत्तो याच भागात आहे. स्थानक जवळ, सुपरमार्केट जवळ. फक्त फोंदामेंता देल्ला मिझेरिकोर्दिया आणि तिला लागूनचा ओर्मेझीनी हा काठ टाळा. तिथे मद्यालयांची रांग आहे आणि बाहेर उभं राहून बोलणाऱ्यांचा आवाज पाण्यावरून वर येतो. दोर्सोदुरोमधल्या कांपो सांता मार्गेरितालाही हेच लागू, कारण विद्यापीठ शेजारी आहे. दोर्सोदुरो घ्यायचंच असेल तर झात्तेरेच्या, म्हणजे दक्षिण काठाच्या बाजूला घ्या.

जुदेक्का सुंदर आणि स्वस्त, पण बोटीशिवाय सुटका नाही. दाट धुक्यात बोटींचे मार्ग बदलले की अडकून पडायला होतं. सान मार्को चौकालगतचं घर तुमच्यासाठी नकोच. भाडं सगळ्यात जास्त, दुकानं पर्यटकांसाठीची आणि शहरातली सगळ्यात सखल जागा तीच.

लिदोचा विचार वडिलांच्या गुडघ्यांसाठी करता येईल. तिथे मोटारी, बस आणि सपाट रस्ते आहेत, इमारती नव्या आहेत. पण मग दिवस बोटीच्या वेळापत्रकावर चालतो. वडील दोन पूल चढू शकत असतील तर लिदोला जाऊ नका. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी मात्र तीच पहिली निवड ठरते. शरद ऋतूत मॅरेथॉनसाठी काही पुलांवर लाकडी उतार बसवतात आणि ते नंतर काही महिने तसेच ठेवतात, हे अशा कुटुंबांना नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडतं. विनापूल जाता येणाऱ्या वाटांचा नकाशा महापालिका स्वतः देते.

पाणी चढतं तेव्हा

आक्वा आल्ता, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी रस्त्यावर येणं, हे मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत घडतं. नोव्हेंबर हा त्याचा ठळक महिना. 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी 194 सेंटिमीटरला गेलं होतं, 12 नोव्हेंबर 2019 रोजी 187 ला. हे आकडे वाचून लोक घाबरतात, कारण ते रस्त्यावरच्या पाण्याची खोली आहेत असं वाटतं. ते तसे नाहीत. हा आकडा 1897 साली ठरवलेल्या शून्य पातळीपासून मोजतात, आणि आज समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या सुमारे 30 सेंटिमीटर वर आहे. सान मार्को चौकाचा सखल भाग साधारण 80 च्या उंचीवर आहे. म्हणजे अंदाज 100 असेल तर चौकात घोट्याच्या वर पाणी आणि शहराचा बहुतेक भाग कोरडा. 110 ला जुन्या शहराच्या साधारण 12 टक्के भागात पाणी येतं.

3 ऑक्टोबर 2020 पासून खाडीच्या तीन तोंडांशी मोझे हे लोखंडी दरवाजे काम करू लागले. एकूण 78 दरवाजे आहेत आणि सर्वसाधारणपणे 110 सेंटिमीटर किंवा अधिकचा अंदाज असेल तेव्हा ते उचलतात. त्यामुळे 2019 सारखा पूर आता अपवादच. पण 80 ते 110 च्या मधलं पाणी येतच राहतं, आणि अंदाज चुकला तर दरवाजे उचललेले नसतात. 8 डिसेंबर 2020 रोजी असंच होऊन पाणी 138 ला गेलं. महापालिकेचं भरती केंद्र रोज अंदाज जाहीर करतं. फोनवर तो आदल्या रात्री बघितला की दुसऱ्या दिवसाचा क्रम लावता येतो, कारण भरतीचं पाणी तीन-चार तासांत ओसरतं.

घराच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच: तळमजला घेऊ नका. जाहिरातीत ‘पियानो तेर्रा’ असेल तर तो तळमजला, ‘पियानो रियाल्झातो’ म्हणजे काही पायऱ्या वर उचललेला तळमजला, ‘मेत्झानीनो’ म्हणजे ठेंगण्या छताचा मधला मजला. ‘प्रीमो पियानो’ हा आपला पहिला मजला. तळमजल्यावर पूर आला नाही तरी ओल असते. विटांच्या भिंती खारं पाणी वर ओढतात, पाणी सुकतं, मीठ मागे राहतं आणि गिलावा फुगून गळतो. मालक ताजा रंग मारून फोटो काढतात. नोव्हेंबरमध्ये अंथरुणं दमट लागतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. वडिलांच्या गुडघ्यांमुळे तळमजल्याचा मोह होणारच. अशा वेळी मेत्झानीनो किंवा पहिला मजला बघा. अगदीच तळमजला घ्यावा लागला तर दाराला पाणी अडवायची फळी आहे का, पंप आहे का, ओल शोषणारं यंत्र आहे का आणि गल्ली किती सेंटिमीटरला बुडते हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या प्रत्येक रहिवाशाला तोंडपाठ असतं. ज्या मालकाला ते माहीत नाही, तो त्या घरापासून लांब राहतो.

उलट टोक म्हणजे ‘सोत्तोतेत्तो’, पोटमाळ्याचा फ्लॅट. तुळया डोक्याला लागतात आणि पायऱ्या सगळ्यात जास्त. छतावरच्या लाकडी गच्चीचे, आल्तानाचे, फोटो कितीही मोहक असले तरी तिथे जायला बहुधा शिडीच असते, आणि नोव्हेंबरच्या धुक्यात तुम्ही तिथे बसणार नाही.

घराच्या आत काय बघायचं

‘सहा जणांसाठी’ याचा अर्थ बहुतेक वेळा दोन शयनकक्ष आणि बैठकीत उघडणारा सोफा असा असतो. कुठल्या खोलीत कोणता पलंग आहे ते विचारा. ‘सोप्पाल्को’ म्हणजे खोलीतच केलेला माळा. त्याचा जिना तीव्र असतो आणि कठडा कधी कधी नसतो. नऊ वर्षांच्या मुलाला तिथे झोपवू नका. सहा जणांना एक न्हाणीघर पुरत नाही, दोन असलेलं घर शोधा. बिदेची, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीच्या बसक्या भांड्याची, चिंता नको. 1975 च्या आरोग्यविषयक आदेशापासून घरातल्या किमान एका न्हाणीघरात ते असणं इटलीत बंधनकारक आहे.

गरम पाणी कशावर, हा प्रश्न विसरू नका. गॅसचा ‘काल्दाया’ असेल तर पाणी सलग मिळतं. विजेची टाकी असेल तर तिचे लिटर विचारा: 50 लिटरच्या टाकीत दोन जणांची आंघोळ होते, 80 लिटरमध्ये तीन-चार जणांची, मग टाकी पुन्हा तापायला दोन-अडीच तास लागतात. सहा जणांनी सकाळी नऊला बाहेर पडायचं असेल तर निम्म्यांनी रात्री आंघोळ उरकावी लागेल.

वीज हा आपल्याकडच्या लोकांना हमखास अडचणीत आणणारा भाग. इटलीतल्या साध्या घराची वीजजोडणी बहुधा 3 किलोवॉटची असते. इंडक्शन शेगडी, ओव्हन आणि कपड्यांचं यंत्र एकत्र चालवलं की मुख्य बटण पडतं, आणि मीटर बऱ्याचदा खाली, इमारतीच्या दाराजवळच्या कपाटात असतो. पोचल्या दिवशीच मीटर कुठे आहे आणि किल्ली कोणती ते बघून घ्या. दाब 230 व्होल्ट, आपल्यासारखाच. फोनचा चार्जर, ज्याच्या दोन गोल पिना बारीक असतात, तो थेट बसतो. आपला तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही.

उष्णतेची व्यवस्था ‘आउतोनोमो’ म्हणजे फ्लॅटची स्वतंत्र आहे की इमारतीची सामाईक, तेही विचारा. व्हेनिस ज्या हवामान विभागात येतं तिथे हीटिंगला 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल एवढीच मुभा आहे, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास, आणि तापमानाची मर्यादा साधारण 20 अंश. म्हणजे पहाटे घर थंडच असणार. आई-वडिलांसाठी लोकरीचे पायमोजे आणि पातळ थर्मल सोबत घ्या, जास्तीची पांघरुणं मालकाकडून आधी कबूल करून घ्या.

जुन्या घरांतली जमीन संगमरवराचे तुकडे चुन्यात बसवून घोटलेली असते, तेरात्सो. तिच्यावर तेल सांडलं तर डाग आत जातो आणि लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर चकाकी जाते. दिवाळीची पणती लावायची असेल तर ती खोलगट ताटलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर लावा. लाकडी तुळया आणि पडदे जवळ असतील तर नकोच. अनामत रकमेतून होणारी कपात बहुतेक अशाच डागांपोटी असते.

कागद आणि पैसे

1 जानेवारी 2025 पासून इटलीतल्या प्रत्येक पर्यटक-घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक असणं आणि तो जाहिरातीत व इमारतीबाहेर लावणं सक्तीचं आहे. ‘चिन’ म्हणून ओळखला जाणारा हा क्रमांक व्हेनिसमध्ये आयटी या दोन अक्षरांनी आणि पाठोपाठ 027042 या आकड्यांनी सुरू होतो. हे आकडे महापालिकेचे आहेत, म्हणून मेस्त्रेतल्या घरालाही तेच लागतात. त्यावरून जुनं शहर ओळखता येत नाही, त्यासाठी पिनकोडच बघायचा. पण जाहिरातीत दुसरेच आकडे असतील किंवा क्रमांकच नसेल तर तिथेच थांबा. त्याच कायद्यानं घरात आग विझवण्याचं नळकांडं आणि गॅस व कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं लागतात. जुन्या इमारतीत बंद खिडक्यांमागे गॅसचा बंब चालू असतो, तेव्हा हे यंत्र जीव वाचवतं. जाहिरातीच्या फोटोंत ते दिसत नसेल तर विचारा.

मालकाला सगळ्यांच्या पासपोर्टची माहिती पोलिसांच्या यंत्रणेत 24 तासांच्या आत नोंदवावी लागते. त्यामुळे पासपोर्ट मागितले तर ती फसवणूक नाही. मात्र ते दाखवायचे पोचल्यावर. महिनाभर आधी अनोळखी क्रमांकावर सहाही पासपोर्टचे फोटो पाठवू नका. भिंतीवरच्या कुलूपपेटीतून किल्ली घ्यायची आणि कोणीच भेटायचं नाही, या पद्धतीवर गृहमंत्रालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं आणि त्यावर न्यायालयीन वादही झाले. तुम्ही प्रत्यक्ष भेटून किल्ली देणारा मालक निवडा. बटणं, बंब, कचरा हे सगळं दाखवायला माणूस लागतोच.

पर्यटक कर भाड्यात धरलेला नसतो. घराच्या प्रकारानुसार तो माणशी एका रात्रीला साधारण 1 ते 5 युरो असतो, फक्त पहिल्या पाच रात्रींसाठी. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ, 10 ते 16 वयाला निम्मा. समजा दर 4 युरो आहे, तर चार मोठ्यांचे 80 आणि तेरा वर्षांच्या मुलाचे 10, म्हणजे एकूण 90 युरो. त्याहून बरंच जास्त मागितलं तर हिशेब लेखी मागा. दिवसभरासाठी येणाऱ्यांचं प्रवेशशुल्क हा वेगळा विषय आहे. ते 25 एप्रिल 2024 रोजी सुरू झालं आणि 2025 मध्ये 18 एप्रिल ते 27 जुलैमधल्या 54 दिवसांना लागू होतं. शहरात रात्री राहणाऱ्यांना ते भरावं लागत नाही, पण सवलतीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो. नोव्हेंबरमध्ये तो प्रश्न येत नाही. हेच कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर येईल.

व्हिसासाठी घराचं बुकिंग चालतं, पण कच्चा दुवा नावांचा असतो. बुकिंग एकाच्या नावावर आणि ‘इतर पाच’ असं असेल तर त्या पाच जणांच्या अर्जात राहण्याचा पुरावाच उरत नाही. सहाही नावं पासपोर्टप्रमाणे, पूर्ण पत्ता आणि तारखा असलेली पावती घ्या. सगळ्या रात्री सलग दिसल्या पाहिजेत. व्हिसा मिळेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीच्या आसपास भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच घर ठरवलेलं बरं.

फसवणुकीची तऱ्हा जवळपास एकच असते. घर संकेतस्थळावर दिसतं, मालक ‘बाहेरून पैसे पाठवा, 15 टक्के कमी’ म्हणतो आणि दुसऱ्या देशातला बँक खाते क्रमांक देतो. इटलीचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक आयटीनं सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो. पण तो बरोबर असला तरी संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवू नका. घर नसेल तर परत मिळवायला मार्ग उरत नाही. एकूण रकमेत साफसफाई, चादरी, उशिरा येण्याचा आकार आणि अनामत हे धरून मगच तुलना करा. पाच रात्रींच्या भाड्यात साफसफाईचा वाटा मोठा होतो आणि स्वस्त दिसलेलं घर महाग निघतं.

एक गोष्ट निवडीच्या वेळी मनात असू द्या. 1950 च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. 2022 मध्ये ती संख्या 50,000 च्या खाली गेली आणि पर्यटकांसाठीचे पलंग आता रहिवाशांहून अधिक आहेत. त्याच इमारतीत किंवा गल्लीत राहणाऱ्या मालकाचं घर मिळत असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही ते घ्या. शहरात एक कुटुंब टिकायला त्याचा हातभार लागतो आणि तुम्हाला अडचणीत दार ठोठावायला माणूस मिळतो.

सामान घेऊन दारापर्यंत

मार्को पोलो विमानतळावरून दोन वाटा. बस पियात्साले रोमाला साधारण वीस-पंचवीस मिनिटांत सोडते आणि तिथून शहराची बोट, व्हापोरेत्तो, घ्यायची. किंवा विमानतळाच्या धक्क्यावरून आलिलागुना कंपनीची बोट थेट शहरात येते. तिचा निळा मार्ग फोंदामेंते नोव्हे आणि लिदोवरून जातो, नारिंगी मार्ग कान्नारेजोतून रियाल्तोकडे. कान्नारेजोत घर असेल तर नारिंगी मार्ग सोयीचा. घरापर्यंत पाण्याची टॅक्सी 120 युरोंच्या पुढे जाते, पण सहा जणांत आणि वडिलांच्या गुडघ्यांसाठी पोचण्याच्या दिवशी हा खर्च करण्यासारखा आहे. त्याआधी मालकाला विचारा की टॅक्सी घराच्या कितपत जवळ येते. मोठ्या ओहोटीत लहान कालव्यांत पाणीच उरत नाही आणि मोठ्या भरतीत होडी पुलाखालून जात नाही.

व्हापोरेत्तोवर माणशी एक सामान मोफत, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 150 सेंटिमीटरपर्यंत. आपली 28 इंची बॅग याच्या जरा वर जाते आणि पुलावर ती एकट्याला उचलत नाही. सहा मध्यम बॅगा घ्या, चार मोठ्या नकोत.

2025 च्या दरांप्रमाणे एकदा 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, 72 तासांचा पास 45, सात दिवसांचा 65. पाच रात्रींच्या मुक्कामात 72 तासांच्या पासवर दोन सुटी तिकिटं घेतली की 64 होतात. तिसरं लागणार असेल तर सात दिवसांचाच पास घ्या. दोन्ही मुलांना रोलिंग व्हेनिस कार्डावर तीन दिवसांचा पास स्वस्त पडतो, ते 6 ते 29 वयासाठी असतं. पास असला तरी प्रत्येक वेळी चढताना यंत्राला लावायचा, नाहीतर दंड होतो.

स्वयंपाकघर आणि कचरा

भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, दुधाची पावडर घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही नाहीत. कोरडे मसाले, मेतकूट, डाळीचा कोरडा फराळ, बेसन चालतं. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटतो असा स्टीलचा छोटा कुकर न्या. डाळ-तांदूळ-कणीक संपलं तर मेस्त्रे स्थानकाच्या आसपास बांगलादेशी दुकानं आहेत. भाजीसाठी रियाल्तोचा बाजार सकाळी गाठा. मासळीवाले रविवार-सोमवार बंद असतात. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊन पूल चढू नका. फोडणी करताना खिडकी उघडा, कारण चिमणी बऱ्याच घरांत नुसती जाळी असते आणि वास पडद्यांत राहतो.

वापरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका आणि संडासात कागदाशिवाय काहीही टाकू नका. जुन्या शहरात सगळीकडे आधुनिक गटारं नाहीत. मैला टाक्यांतून आणि जुन्या बांधीव नळांतून कालव्यात जातो. ओले रुमाल अडकले की तळमजल्यावरच्या शेजाऱ्याच्या घरात पाणी उफाळतं.

कचरा सकाळी द्यायचा असतो. साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार कागद आणि पुठ्ठा. मंगळवार, गुरुवार, शनिवार काच, प्लास्टिक, डबे. उरलेला कचरा रविवार सोडून रोज. सफाई कामगार बेल वाजवतात तेव्हा त्यांच्या हातात द्या किंवा सकाळी कचऱ्याच्या बोटीशी नेऊन द्या. रात्री पिशवी दाराबाहेर ठेवली तर समुद्रपक्षी ती फाडतात आणि दंड मालकाकडून तुमच्याकडे येतो. निघायचा दिवस रविवार असेल तर शनिवारी सकाळीच सगळा कचरा देऊन टाका आणि शनिवारचा स्वयंपाक त्या बेतानं करा. घर सोडायची वेळ बहुधा सकाळी दहाची असते. विमान संध्याकाळचं असेल तर सामान पियात्साले रोमाच्या सामानघरात ठेवा, म्हणजे तिथून थेट विमानतळाची बस मिळते आणि एकही पूल पुन्हा चढावा लागत नाही.